दाढीचं तेल, बरेच महिने वापरून: खाज गेली, पण श्रेय तेलाचं नाही

बाटली सगळ्यांनी पाहिलेली आहे त्यामुळे वर्णन करत बसत नाही, ३० मिली, तपकिरी काच, वर ड्रॉपर, पुढे मोठ्या अक्षरात आर्गन आणि जोजोबा, एमआरपी ४४९ आणि सेल लागला की ३४९. कंपनीचं नाव घेत नाही, कम्प्लेंट अजून चालू आहे.

आधी ड्रॉपरबद्दल. त्याची काचेची नळी तळापर्यंत पोचत नाही. बाटली उंच आणि नळी आखूड, म्हणजे तेल संपत आलं की नळी नुसती हवा ओढते आणि खाली तेल तसंच दिसत राहतं. मी पोरीच्या सिरपच्या मापात ओतून मोजलं, चांगलं ४ मिली निघालं, म्हणजे एमआरपीने धरलं तर साठ रुपये. बायको म्हणते बाटली उलटी करून ठेव की, अरे पण मग ड्रॉपर दिलायस कशाला! त्यात दुसऱ्या बाटलीच्या ड्रॉपरचं रबर तेल लागून लागून फुगलं आणि मागच्या आठवड्यात दाबल्या दाबल्या फाटलं. तेलात रबर फुगतं हे पंक्चर काढणाऱ्या पोरालाही माहीत असतं, तेल विकणाऱ्यांना नाही. कस्टमर केअरला फोटो पाठवले तर म्हणे सर अनबॉक्सिंग व्हिडिओ पाठवा. गणपतीच्या सुमारास आलेल्या पार्सलचा अनबॉक्सिंग व्हिडिओ कोण ठेवतं? मग पुढच्या ऑर्डरवर १० टक्के सूट असं कूपन आलं आणि तिकीट क्लोज्ड. मी परत ओपन केलं.

असो. तेल घेतलं का ते सांगतो. आमच्या घरी श्रावण पाळतात, महिनाभर दाढीला हात लावायचा नाही आणि गणपतीच्या आधी साफ. यंदा म्हटलं राहू दे. पण पहिल्या दोन-तीन आठवड्यात मानेवर आणि हनुवटीखाली अशी खाज सुटली की मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून खाजवायचो. त्याचं कारण सोपं आहे, ब्लेडने कापलेल्या केसाचं टोक तिरकं आणि धारदार असतं, ते थोडं वाढलं की शेजारच्या कातडीला टोचतं, आणि ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांचं टोक वळून परत आत शिरतं आणि पुळ्या येतात. दाढी महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढते, त्यामुळे हे टोचणं बऱ्याच जणांचं आपोआपच कमी होतं. त्यात आम्ही वाघोलीला, टँकरचं पाणी, जड इतकं की बादलीला पांढरा थर बसतो, आणि मी तोंडाला अंगाचाच साबण लावायचो. साबणाचा पीएच ९-१० च्या आसपास, कातडीचा ५ च्या आसपास, शिवाय जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो तो दाढीत अडकून बसतो. आई म्हणाली खोबरेल लाव, सलूनवाल्या दादाने तुरटी फिरवली, तुरटीने अजूनच कोरडं पडलं.

तेल लावलं आणि दुसऱ्याच दिवशी आराम. खरंच. केस मऊ, टोचणं कमी, चंदनासारखा वास, मी खूश होऊन पाच स्टार देऊन मोकळा झालो. ते पाच स्टार घाईचे होते असं मात्र अजूनही म्हणणार नाही, तेव्हाच्या त्रासाला तेल लागूच पडलं होतं.

दिवाळीच्या आसपास काळ्या टीशर्टवर पांढरा भुगा पडायला लागला. मिशीखाली आणि नाकाच्या कडेला लाल, थोडं तेलकट, पिवळट पापुद्रे. बायकोने विचारलं दाढीत खोबरं खवलंयस का. मला वाटलं थंडी आहे, कोरडं पडलंय, म्हणून तेल वाढवलं, रात्री पण लावून झोपायला लागलो, आणि जितकं तेल जास्त तितकी खाज जास्त. यूट्यूबवर तर प्रत्येक जण एकच सांगतो, खाज म्हणजे कोरडेपणा, तेल लावा, लिंक खाली आहे.

शेवटी स्किनवाल्या मॅडमकडे गेलो. त्यांनी दाढी बघायच्या आधी भुवया आणि कानामागे बघितलं, तिथेही थोडे पापुद्रे होते आणि मला पत्ताच नाही. म्हणाल्या हा कोंडाच आहे, डोक्याऐवजी दाढीत. सेबोरिक डर्मटायटिस. मॅलेसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर असते, कातडीतून सुटणाऱ्या तेलावर जगते, आणि ते तेल फोडून जे आम्ल तयार होतं ते काही जणांच्या कातडीला झोंबतं. मग खोबरेल, बदाम, ऑलिव्ह, आर्गन असली तेलं वरून ओतली की तिला आयतं जेवण. घरी येऊन बाटलीची मागची बाजू भिंग लावून वाचली. यादीत जे जास्त असतं ते आधी लिहितात, आणि पहिलं नाव होतं सूर्यफूल तेल! आर्गन बरंच खाली, जोजोबा त्याच्याही खाली. गंमत म्हणजे जोजोबा रासायनिकदृष्ट्या तेल नसून द्रवरूप मेण आहे, त्यामुळे त्यातल्या त्यात तोच बरा, तर तो चवीपुरता. शेवटी लिमोनिन आणि लिनालूल, म्हणजे वासाची द्रव्यं, ती हवा लागून जुनी झाली की काहींना त्यांचीच ॲलर्जी येते. म्हणून नवीन बाटली आधी कोपराच्या खोबणीत लावून दोन-तीन दिवस बघावी, थेट तोंडाला नको.

मॅडमनी २ टक्के केटोकोनॅझोलचा, म्हणजे बुरशीवरच्या औषधाचा, शाम्पू दिला. ओल्या दाढीत लावायचा, बोटांनी केसांखाली कातडीपर्यंत न्यायचा, तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग धुवायचा, आठवड्यातून दोनदा, काही आठवडे. ती तीन मिनिटंच महत्त्वाची, लोक लावतात आणि लगेच धुतात आणि मग म्हणतात फरक नाही. मला तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की मी खाजवतच नाहीये. आता दहा-बारा दिवसांतून एकदा लावतो, पूर्ण बंद केला तर परत येतं असं त्यांनी आधीच सांगितलंय, हे बरं होऊन संपणारं नाही, आटोक्यात ठेवायचं. बाकी दिवस साबण बंद, साधा सौम्य फेसवॉश, शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा.

मग तेल फेकलं का? साडेतीनशे रुपये दिलेत, फेकतो कशाला. शाम्पूने दाढी काथ्यासारखी होते त्यामुळे दोन थेंब तळव्यावर चोळून फक्त केसांच्या टोकांना लावतो, मुळाशी अजिबात नाही. त्या कामाला तेल चांगलंय. पाचाचे तीन स्टार केलेत, आणि कापलेल्या दोनातला दीड ड्रॉपरचा आहे. बोहरी आळीत जाऊन १८ मिमी तोंडाचा छोटा पंप आणला, २० रुपये, नळी लांब येते ती कात्रीने हवी तेवढी कापायची, तळाचं सगळं तेल वर येतं. वीस रुपयात जमणारी गोष्ट कंपनीला जमत नाही.

टू-व्हीलरवाल्यांनी हेल्मेटचा पट्टा आणि आतली गादी धूत जा, घामाने भिजलेला पट्टा हनुवटीखाली रोज तासभर घासतो, माझी मानेवरची उरलेली खाज त्याच्यामुळेच जात नव्हती.

आणि ऑफिसातला एक जण दाढीच्या खाजेवर मेडिकलमधून ट्यूब आणून लावायचा, दोन दिवसात आराम पडायचा, सोडली की दुप्पट. त्याला होता गजकर्ण, कडा उठलेले गोल चट्टे, आणि ट्यूबमध्ये क्लोबेटासोल, म्हणजे तगडं स्टेरॉइड, लाली दाबतं आणि खाली बुरशी आरामात पसरते. असली स्टेरॉइडची मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी काउंटरवर मिळतात. तुमच्याकडे असली ट्यूब असेल तर मागचं बारीक अक्षर वाचा, क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन दिसलं तर पुढचं बोट फिरवायच्या आधी ट्यूब घेऊनच डॉक्टरकडे जा. पू येत असेल किंवा चकतीसारखे केस गळत असतील तर हा रिव्ह्यूही बाजूला ठेवा.