डिक्सी चिक्स की कोर्ट यार्ड हाउंड्स?

भाचीला लांबच्या गाडीप्रवासासाठी एकच अल्बम उतरवून घ्यायचा होता. डिक्सी चिक्स या तीन जणींच्या अमेरिकी कंट्री गटाचा (2020 पासून नाव नुसतंच 'द चिक्स') 2002 चा 'होम' घ्यावा, की त्यातल्याच दोन सख्ख्या बहिणींनी, मार्टी आणि एमिलीनं, 'कोर्ट यार्ड हाउंड्स' नावानं 2010 मध्ये काढलेला पहिला अल्बम?

खरा फरक आवाजात. चिक्समध्ये पुढे असते नॅटली मेन्स. तिचा सूर चढला की हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं, बहिणी साथीला. बहिणींच्या जोडीत मात्र बहुतेक गाणी एमिली म्हणते. आवाज मऊ, जरासा बुजरा, शेजारच्या खोलीत कुणी गुणगुणावं तसा. नॅटलीची धार इथं शोधलीत तर हिरमोड होईल. माझा झाला होता, पहिल्या दोन वेळा.

वाद्यांवरचे हात तेच: मार्टीचं फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, आणि एमिलीचा बँजो. पण 'होम' ब्लूग्रासच्या, म्हणजे तंतुवाद्यांवरच्या वेगवान अमेरिकी लोकसंगीताच्या वळणाचा, तारा सतत पळत असतात. जोडीचा कल संथ फोक-रॉककडे, फिडल हवं तेवढंच.

शब्दांत मला जोडी सरस वाटते. 'होम'मधली बरीच गाणी इतरांनी लिहिलेली. इथं एमिलीच्या घटस्फोटानंतरचं दुखणं तिच्याच लेखणीतून येतं. साठा मात्र तुटपुंजा: 2013 चा 'अमेलिता' धरून अल्बम दोनच.

गाडीत चौघं असतील, मोठ्यानं गायचं असेल तर 'होम'. एकटीच निघाली असशील, तेही रात्रीची, तर बहिणींना सोबत घे.