फुफ्फुसातलं पाणी मोजायचंय: अल्ट्रासाऊंड घ्यावं की थर्मोडायल्यूशन?

आधी एक घोळ मिटवूया. नातेवाईक "फुफ्फुसात पाणी झालंय" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा ते फुफ्फुसाच्या आवरणात साठलेलं असतं, सुई घालून काढता येतं. इथे बोलतोय ते फुफ्फुसाच्या आतल्या पाण्याबद्दल, टिश्यूमध्ये आणि हवेच्या पिशव्यांमध्ये झिरपलेलं, ते सुईने निघत नाही आणि एआरडीएसच्या (फुफ्फुसाला सूज येऊन ऑक्सिजन एकदम घसरतो तो आजार) पेशंटमध्ये आपली सगळी झटापट त्याच्याशीच असते. छोट्या आयसीयूसाठी काही घ्यायचा विचार असेल तर माझं मत सरळ आहे, पहिले पैसे अल्ट्रासाऊंडवर घाला.

पोर्टेबल एक्स-रे तर रोज होतोच, पण झोपलेल्या पेशंटच्या फिल्मवर पाणी बरंच वाढल्याशिवाय कळत नाही, तो ट्यूब-लाइन जागेवर आहे ना आणि न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाच्या बाहेर छातीत साठलेली हवा) नाही ना यासाठी ठेवा. सीटीत चित्र सुंदर दिसतं, पण व्हेंटिलेटरवरचा पेशंट, इन्फ्युजन पंप, सिलिंडर सगळा लवाजमा घेऊन खाली जायचं आणि तिथेही घनतेवरून पाणी, पू की रक्त हे सांगता येत नाहीच.

अल्ट्रासाऊंडमध्ये बघायच्या त्या बी-लाइन्स, प्लुरापासून (फुफ्फुसाच्या आवरणापासून) स्क्रीनच्या तळापर्यंत जाणारे उभे पांढरे पट्टे. फ्रान्सच्या डॅनिएल लिख्टेनस्टाईन यांनी १९९७ मध्ये यावर लिहिलं आणि २०२३ च्या एआरडीएसच्या नव्या जागतिक व्याख्येत तर एक्स-रेऐवजी अल्ट्रासाऊंडही चालतं. छातीचे १२ भाग, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ३६ पैकी स्कोअर, हात बसला की दहा-पंधरा मिनिटांचं काम. पण हा स्कोअर पाण्याचा नाही, हवा किती कमी झालीय त्याचा आहे, म्हणजे पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुफ्फुसात ठेवतो तो दाब) वाढवून फुफ्फुस उघडलं तर पाणी तेवढंच असूनही स्कोअर सुधारतो, आणि फायब्रोसिसमध्येही (फुफ्फुसात कायमचे व्रण होतात तेव्हा) बी-लाइन्स दिसतात. चामडीखाली हवा असेल किंवा छातीवर मोठं ड्रेसिंग असेल तर मग काहीच दिसत नाही.

पाणी किती मिली आहे हा आकडा हवा असेल तर थर्मोडायल्यूशन, म्हणजे रक्तात थंड सलाईन सोडून तापमान कसं बदलतं त्यावरून पाणी मोजायचं. सेंट्रल लाइनमधून १५ मिली थंडगार सलाईन झटकन द्यायचं, फेमोरल आर्टरीतला (मांडीच्या धमनीतला) सेन्सरवाला कॅथेटर तापमानाचा ग्राफ पकडतो, तीन वेळा करून सरासरी. पाणी किलोमागे १० मिलीच्या वर गेलं की पल्मनरी इडिमा, म्हणजे फुफ्फुसात पाणी झालंय, असं धरायचं. आता इथे खूप जण चुकतात म्हणून जरा थांबून सांगतो, भागायचं ते उंचीवरून काढलेल्या वजनाने, काट्यावरच्या नाही. समजा १७० सेमी उंचीचा, १०० किलोचा पुरुष पेशंट आहे आणि पाणी आलं ८०० मिली, खऱ्या वजनाने भागलं तर ८, वाटणार फार काही नाही, पण त्याचं उंचीप्रमाणे वजन ६६ किलो, म्हणजे आकडा १२ आणि पेशंट चांगलाच ओला आहे.

शिवाय त्यातून परमिअबिलिटी इंडेक्स (फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या किती गळताहेत त्याचा आकडा) मिळतो, तो ३ च्या वर गेला तर गळती, कमी असेल तर हार्ट किंवा जास्त फ्लुइडचा संशय. शॉकही आहे आणि ऑक्सिजनही घसरतोय, सलाईन द्यावं की लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) अशा कात्रीत सापडल्यावर मला हाच आकडा हवा असतो, बी-लाइन्स तिथे कमी पडतात. पण मोठं पल्मनरी एम्बोलिझम (फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गाठ) असेल तर रीडिंग खोटं कमी येतं, फुफ्फुसाचा भाग काढलेला असेल किंवा व्हीव्ही एक्मो (रक्त शरीराबाहेर नेऊन ऑक्सिजन देणारं मशीन) चालू असेल तरी भरवसा नाही. कॅथेटर दर पेशंटला नवा, मांडीत टाकायचा, खर्च नातेवाईकांच्याच बिलात जातो, त्यामुळे सरसकट प्रत्येकाला लावणं मला पटत नाही.

म्हणून अल्ट्रासाऊंड रोज, सकाळी, शक्यतो त्याच पीपवर आणि त्याच माणसाकडून, थर्मोडायल्यूशन फक्त अडलेल्या पेशंटला, तेही मोठ्या सेंटरला जिथे रोजचा सराव आहे. आणि मशीन फक्त छातीसाठी घेतलं तरी पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याची) नोंदणी लागते, जागा आणि वापरणारे डॉक्टर दोन्ही कागदावर पाहिजेत, ते मशीन यायच्या आधीच उरकून घ्या.