अलिबाग की मुरुड-जंजिरा?

मुंबईहून दोन दिवसांसाठी निघणाऱ्यांचा हा नेहमीचा पेच.

प्रवासात अलिबागच सरस. गेटवेहून लाँचने तासाभरात मांडवा, पुढे त्याच तिकिटावर बस. पावसाळ्यात मात्र ही लाँच बंद असते. मुरुड अलिबागहून आणखी पन्नासेक किलोमीटर, रेवदंडा-काशीदमार्गे. वळणांचा रस्ता, दीड तास धराच.

किल्ल्याचं गणित वेगळं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीत चालत जाता येतं. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. तृतीयेला (तीन गुणिले पाऊण) रात्री सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी सव्वाआठला ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती असल्याने पाणी कमी ओसरतं, पाय भिजतात. लोक किल्ल्यात रेंगाळतात आणि परतताना पाणी चढलेलं असतं. ओहोटीनंतर तासाभरात किनाऱ्यावर या. जंजिऱ्याला राजपुरीहून होडीच लागते, पावसाळ्यात तीही नाही. होडीवाले किल्ल्यात थोडाच वेळ देतात, त्यामुळे कलालबांगडी तोफ आधी गाठा.

गर्दी? शनिवार-रविवारी अलिबागचा किनारा गजबजतो, मुरुडचा लांबलचक किनारा बराच मोकळा.

एकच मुक्काम, सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर अलिबाग. स्वतःची गाडी, दोन मुक्काम आणि किल्ल्याची ओढ असेल तर मुरुड.