परड्यातील लाकडी डेक : सागवान की डब्ल्यूपीसी?

बेळगाव-खानापूर भागात परड्यात स्वतःच्या हाताने डेक, म्हणजे जमिनीपासून उचललेला फळ्यांचा ओटा, बांधू पाहणाऱ्याने आधी फळी कोणती हे ठरवावे, कारण खालचा सांगाडा, स्क्रूची जात आणि पुढील निगा त्यावरच अवलंबून असते. रचना जुन्या घरांच्या कडीपाटासारखीच आहे : जांभ्या चिऱ्याच्या किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर कड्या (आडवे वासे) आणि कड्यांवर फळ्या.

सागवानाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असल्याने त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि ते पावसात टिकते. मात्र कडेच्या पांढरट भागाला हा गुण नसतो, म्हणून वखारीत फळ्या उलटसुलट पाहून, पांढरा पट्टा असलेल्या फळ्या वगळाव्यात. उतरवलेल्या जुन्या घराच्या तुळया मिळाल्या, तर मी त्यांनाच पहिली पसंती देईन, कारण ते लाकूड मुरलेले असते. फक्त कापण्यापूर्वी प्रत्येक खिळा शोधून काढावा लागतो.

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाची फळी. तिला सागवानासारखे दरवर्षी तेल पाजावे लागत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. परंतु ती सागवानापेक्षा जड आणि कमी ताठ असल्याने कड्या जवळजवळ घ्याव्या लागतात. १२ फूट लांब व १० फूट रुंद डेकसाठी सागवानी फळीखाली १६ इंचांवर १० कड्या पुरतात, तर डब्ल्यूपीसीखाली १२ इंचांवर १३ लागतात. उन्हाने ती लांबीकडे वाढते, म्हणून टोकांनाही फट सोडावी लागते, आणि एप्रिल-मेच्या दुपारी तिच्यावर अनवाणी उभे राहवत नाही. शेवाळ मात्र दोन्हींवर धरते.

नवशिक्यासाठी मला सागवानच बरे वाटते. माप थोडे चुकले तरी रंध्याने सावरता येते. डब्ल्यूपीसीवर रंधा चालवला की वरचा थरच निघून जातो. वर्षाकाठी तेलासाठी एक दिवस देणे शक्य नसेल, तर मात्र डब्ल्यूपीसीच घ्यावी.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत. आमच्याकडे साधे लोखंडी स्क्रू वापरले आणि पहिल्याच पावसाळ्यात प्रत्येक भोकाभोवती काळा डाग पसरला, तो घासूनही गेला नाही.

अथणी-गोकाककडील काळ्या जमिनीत ठोकळे वरवर ठेवू नयेत, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; तेथे घट्ट मुरमापर्यंत खणावे. खानापूरकडे डेकखाली किमान हातभर मोकळी जागा ठेवावी, म्हणजे वारा खेळतो आणि ठोकळ्यावर चढणारी वाळवीची मातीची नळी वेळीच दिसते. काम दिवाळीनंतर सुरू करावे. वाळलेल्या सागवानी फळ्यांमध्ये ५ ते ६ मिलिमीटर फट ठेवून, कापलेल्या टोकांना दोनदा तेल द्यावे, कारण पाणी सर्वाधिक तेथूनच आत शिरते.