हरकत कुठे द्यायची: महापालिकेत की स्मार्ट सिटी कंपनीत?

नाशिकच्या गावठाणात रस्ता खणला किंवा मखमलाबादच्या मळ्यावर नगररचना योजना (जमिनी एकत्र करून नव्याने भूखंड पाडण्याची योजना) आली, की महापालिका आणि स्मार्ट सिटी कंपनी अशी दोन कार्यालये समोर येतात. नावे सारखी, कायदे वेगळे.

महापालिकेला अधिकार मिळतात ते 1949 च्या महापालिका अधिनियमातून आणि 1966 च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्यातून. कर, बांधकाम परवानगी, सार्वजनिक कामासाठी जमिनीचे आरक्षण, नगररचना योजना हे सगळे तिचेच. स्मार्ट सिटी कंपनी 2016 मध्ये कंपनी कायद्याखाली नोंदली गेली. भागभांडवल राज्य आणि महापालिका यांचे निम्मे-निम्मे. ती निविदा काढते, कामे करून घेते. महापालिकेचे जे अधिकार ती वापरते, ते ठरावाने सोपवलेले असतात. म्हणून सर्वांत आधी त्या ठरावाची प्रत मागा.

जमिनीचा प्रश्न असेल तर महापालिकाच गाठा. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांत एमआरटीपी कायद्याच्या कलम 67 खाली लेखी हरकत द्यावी लागते. गट नंबर, सातबारा, मोजणीचा नकाशा जोडा आणि पोच घ्या. कंपनीच्या बैठकीत तावातावाने बोलून आलेले शेतकरी हरकत नोंदली गेली असे समजतात. तसे होत नाही, आणि मुदत निघून जाते. पुढे योजनेसाठी नेमलेला लवाद प्रत्येकाला मिळणारा अंतिम भूखंड ठरवतो. तेव्हा आपले म्हणणे आधीपासून कागदावर असलेले बरे. जुने आरक्षण 10 वर्षांत संपादित झाले नसेल, तर कलम 127 ची खरेदी सूचनाही (जमीन संपादित करा, नाहीतर आरक्षण सोडा अशी नोटीस) महापालिकेलाच. त्यासाठी महापालिकेला मुदत 24 महिने.

कंपनीच्या कामाच्या दर्जाचा आणि पैशाचा प्रश्न असेल तर दार कंपनीचे. कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, मुदतवाढीचे आदेश, त्रयस्थ तपासणीचा अहवाल अशी नेमकी नावे लिहून माहिती अधिकारात मागा. 'सर्व माहिती द्या' लिहिलेला अर्ज हमखास अडतो.

कंपनीवरची देखरेख मात्र उणी पडते. महासभेत नगरसेवक आयुक्तांना जाब विचारू शकतो. संचालक मंडळाची बैठक बंद दाराआड होते. अर्थात मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, तेव्हा महासभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार एकट्या प्रशासकाकडे गेले, आणि महापालिकेचा हा मोठा आधारही सुटला. अशा वेळी कागदच उपयोगी पडतो.

माहिती अर्जाचे शुल्क 10 रुपये. 30 दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयात पहिले अपील. तिथेही भागले नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे.