जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) सोडून थ्रीडी चित्रं काढणाऱ्या कोरोना सॉफ्टवेअरवर आलो त्याला आठ महिने झाले, अनुभव सांगतो

मागच्या पावसाळ्यात बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एका फार्महाऊसचं काम आलं. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढं ओलं अंगण आणि मागं झाडीच झाडी. आर्किटेक्ट सरांना तो पावसातला गच्च हिरवा जसाच्या तसा पाहिजे होता. माझ्याकडं ८ जीबीचं आरटीएक्स ३०७० कार्ड, आणि चार वर्षं मी जीपीयूवर चालणारं सॉफ्टवेअरच वापरत होतो. नाव घेत नाही, कारण त्याच्यावर मी भरपूर चांगली कामं केली आहेत. रात्री अकराला रेंडर (थ्रीडी मॉडेलवरून फोटोसारखं चित्र काढायचं काम) लावून झोपलो, पहाटे उठून बघतोय तर कार्डाची मेमरी संपली म्हणून मेसेज आणि फ्रेम नुसती काळी. मग टेक्श्चर (भिंत, लाकूड असल्या पृष्ठभागावर चढवायची चित्रं) अर्ध्यावर आणली, झाडं निम्मी उडवली, तेव्हा कुठं रेंडर निघालं. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "ही खानापूरची झाडी न्हवं, कुणाच्या तरी बाल्कनीतल्या कुंड्या वाटतायत." ते मनाला फार लागलं, कारण खरंच तसंच दिसत होतं.

हे का होतंय त्याचा हिशोब सोपा आहे. एक ४के टेक्श्चर म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाईट, म्हणजे कॉम्प्रेस केलं नाही तर ६४ एमबी. एका मटेरियलला रंगाचा, बम्पचा (खडबडीतपणाचा), रिफ्लेक्शनचा (चकाकीचा) असे तीन मॅप, म्हणजे तीन टेक्श्चर धरा, ४० मटेरियल झाली की साडेसात जीबी तिथंच गेले, अजून झाडं, कौलं, फर्निचर यायचंच आहे, आणि वर विंडोज आणि थ्रीडीएस मॅक्सची (मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरची) स्क्रीन पण त्याच कार्डात बसलेली असतीय. कार्डाची मेमरी वाढवता येत नाही, वाढवायची म्हणजे नवीन कार्डच घ्यायचं. काही सॉफ्टवेअर जास्तीचा माल साध्या रॅममध्ये ढकलतात, पण मग जीपीयूचा स्पीड कमी होतो, ज्याच्यासाठी आपण कार्ड घेतलं तोच.

माझ्या मशीनमध्ये रायझन ९ ५९५०एक्स प्रोसेसर आधीपासून होता, १६ कोअर ३२ थ्रेड, आणि रेंडर चालू असताना तो बिचारा रिकामा बसलेला. रॅम ३२ ची ६४ जीबी केली आणि कार्डावर नाही तर प्रोसेसर आणि साध्या रॅमवर चालणाऱ्या कोरोना रेंडररची ट्रायल घेतली. नाव ऐकून क्लायंट दचकतात पण हे नाव रोगाच्या कितीतरी आधीचं, २००९ मध्ये प्रागमध्ये एका विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टमधून सुरू झालेलं, २०१७ मध्ये व्ही-रे हे रेंडरचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या केऑस कंपनीनं घेतलं. उद्यमबागेतला मित्र म्हणाला, "सगळे कार्डाकडं चाललेत, तू उलटा कुठं जाऊलालास?" मला पण धाकधूक होतीच.

तोच सीन, सगळी झाडं परत आणून, टेक्श्चर पूर्ण साईझची ठेवून लावला. रॅम ३८ जीबीपर्यंत गेली आणि काहीही न अडखळता चालत राहिला. ४००० पिक्सेलची फ्रेम, नॉईज (चित्रातले दाणे) लिमिट ४ टक्के, वेळ ३ तास ४० मिनिटं. कार्डावर तो कापलेला सीन ५० मिनिटांत झाला होता, म्हणजे वेळ चौपट लागला हे मान्यच. पण चिऱ्याची ती भोकाभोकाची तांबडी पोत, कौलाच्या कडेवर थांबलेलं पाणी, झाडाखालचा ओला काळोख, सगळं आलं. सरांनी एक पण करेक्शन सांगितलं नाही.

मला सगळ्यात जास्त आवडलेलं फीचर म्हणजे लाईटमिक्स. शहापूरचं एक जोडपं किचन बघायला घरी आलेलं, काळ्या ग्रॅनाईटचा कट्टा, कोपऱ्यात देवघर. रेंडर आदल्या रात्री होऊन पडलेलं. वहिनी म्हणाल्या कट्ट्यावरची लाईट फार पांढरी वाटतीय, हॉस्पिटलसारखी. मी तिथंच फ्रेम बफरमध्ये (रेंडर दिसतं त्या विंडोत) त्या लाईटचा रंग पिवळसर केला, खिडकीचा उजेड कमी केला, देवघरातली लाईट थोडी वाढवली, परत रेंडर न करता. प्रत्येक लाईट वेगळी साठवलेली असते म्हणून हे जमतंय. समईच्या पितळेवर उजेड आला तशा वहिनी खुर्ची पुढं ओढून बसल्या आणि पुढची वीस मिनिटं स्वतःच सांगत होत्या हे वाढवा ते कमी करा. तोच फायनल झाला. आधी असल्या एका बदलाला मी दुसऱ्या दिवशीचा वायदा द्यायचो.

आपल्याकडं जूनपासून लाईटचा भरवसा नसतोय. यूपीएस दहा मिनिटं टिकतोय. कोरोनात रेंडर सीएक्सआर फाईलमध्ये सेव्ह केलं की नंतर तिथूनच पुढं चालू करता येतं, ऑटोसेव्ह लावून ठेवा, दोनदा माझी अख्खी रात्र वाचली आहे. रेंडर थ्रेडची प्रायॉरिटी लो असते म्हणून चालू असताना मेल, पीडीएफ वगैरे काम होतंय. कूलर मात्र चांगला बसवा, १६ कोअर तासन्‌तास फुल चालले की एप्रिलमध्ये बेळगावची थंड हवा पण कामाला येत नाही.

आता ॲनिमेशन. तिथं मी कोरोना घ्या म्हणणार नाही. ३० सेकंदांचा वॉकथ्रू (घरातून फिरवून दाखवणारा व्हिडिओ), २५ फ्रेम सेकंदाला, म्हणजे ७५० फ्रेम. एका फ्रेमला १२ मिनिटं धरली तरी १५० तास, सहा दिवसांच्या वर, आणि मध्ये क्लायंटनं सोफा बदलला की परत पहिल्यापासून. असल्या कामाला जीपीयूच पाहिजे. म्हणून ३०७० विकलं नाही, वॉकथ्रू त्याच्यावरच करतो, आणि कोरोनाच्या इंटरॅक्टिव्ह (काम करता करता दिसणाऱ्या) रेंडरला डीनॉईज करायला, म्हणजे दाणे काढायला पण तेच कार्ड उपयोगी पडतंय. सबस्क्रिप्शन भरावी लागते, महिन्याला दोन-तीनच स्टिल (स्थिर चित्रं) काढणाऱ्यानं आधी हिशोब करावा. मला महिन्याला पंधरा-वीस स्टिल असतात, बहुतेक इंटीरिअर आणि गोव्याकडचे व्हिला, मी पुढच्या वर्षाचे पैसे भरलेत.