धुळ्यातल्या लॅबमधली उन्हाळी उमेदवारी : पैसे शून्य, काम भरपूर

बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षानंतरची सुट्टी मी धुळ्यातल्या एका वैद्यकीय संशोधन लॅबमध्ये मदतनीस म्हणून काढली. नाव लिहीत नाही, पुढे थोडं कडू बोलायचंय. काम सिकलसेलवर, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक रक्तविकारावर. नमुने यायचे धडगाव-अक्कलकुव्याकडून, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, आइसबॉक्समधून.

सुरुवातीला नुसती लेबलं आणि रजिस्टर. कंटाळा येतो, पण नंबर चुकला की एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या घरी जातो, त्यामुळे मॅडम तिथे अजिबात सूट देत नाहीत. मग सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे का ते बघायची चाचणी. ताज्या डायथायोनाइटच्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं आणि ट्यूबमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, गढुळात गडप झाल्या तर पॉझिटिव्ह. दरवेळी खात्रीचा एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना सोबत लावायचाच. ते दोन बरोबर आले नाहीत तर अख्खी बॅच बाद. मी घाईने ट्यूब उचलायला लागले की टेक्निशियन मामा म्हणायचे, “धीर धर ना माय!”

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला कुणी सांगितलं नव्हतं असं बरंच इथे कळलं. या टेस्टमधून वाहक (एकाच पालकाकडून सिकलसेलचं जनुक आलेला) की रुग्ण ते कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस लागतं, म्हणजे जेलमध्ये विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असल्याने इथे निगेटिव्हवर विसंबता येत नाही. आणि घरातल्यांशी बोलताना आधी वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे सांगावं लागतं.

आता कडू. मानधन नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) दोन महिन्यांची विद्यार्थी योजना एमबीबीएस-बीडीएसवाल्यांसाठी, आपण बसत नाही. अमळनेरहून एसटीचं भाडं, डबा, सगळं पदरचं. ग्लोव्हज फक्त लार्ज, माझ्या हातात ढगळ. रक्त हाताळायचं, तरी हिपॅटायटिस बीची लस घेतलीय का, असं कुणी विचारलं नाही; मी स्वतःच घेतली. मे महिन्यात वीज गेली की इलेक्ट्रोफोरेसिसचं जेल अर्ध्यावर, पुन्हा पहिल्यापासून. सर्टिफिकेट हातात पडायला गणपती आले.

पाचपैकी साडेतीन. धुळ्यात मामा-मावशीकडे राहायची सोय असेल तर डोळे झाकून जा; रोज अपडाऊन करणार असाल तर आधी घरच्यांशी पैशांचं बोला. जाण्यापूर्वी लस घ्या, आणि सर्टिफिकेटचं पहिल्याच आठवड्यात लेखी मागून ठेवा.